पंगत उठल्यावर

माघ वद्य सप्तमी हा शेगावच्या गजानन महाराजांचा प्रकटदिन. तो जवळ आला की नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने दिंड्या दिसू लागतात. जवळपास तीनशे किलोमीटरची पायदळ वारी. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा घाडगे, तळेगाव, मग वर्धा नदी ओलांडून तिवसा, मोझरी, अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला आणि तिथून गायगावच्या रस्त्याने शेगाव. पहाटे अंगात हुडहुडी भरते आणि दहा वाजता डांबर तापतं, असे ते दिवस.

ही गोष्ट अशाच एका दिंडीची. दिंडी पूर्व नागपुरातल्या एका वस्तीतली, माणसं सत्तर-ऐंशी. भाजीचे ठेले लावणारे, शिवणकाम करणाऱ्या बाया, रेल्वेतून निवृत्त झालेले दोघे-तिघे, सुट्टी टाकून आलेली तरुण पोरं. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया आणि सर्वांत मागे सामानाचा टेम्पो. वीणा एका म्हाताऱ्या बुवांच्या गळ्यात असे. ते दिवसभरात चार शब्द बोलले तर बोलले. बाकी सगळा कारभार चोपदाराच्या हाती होता. बांधकामाची छोटी कंत्राटं घेणारा तिशीचा गडी, कामाला वाघ. कुठे चहा, कुठे विसावा, कुणाकडे पंगत, कुठल्या शाळेत मुक्काम, सगळं त्याच्या वहीत लिहिलेलं. दिंडी वेळेत पोचली पाहिजे या एका गोष्टीसाठी तो जिवाचं रान करायचा.

निघताना दिंडी सीताबर्डीवर थांबली. नागपूरकरांना या जागेचा अभिमान आहे, कारण इथल्या गोपाळ बुटींनी महाराजांना शेगावहून आपल्या वाड्यात आणून ठेवलं होतं. थाटमाटात कशाची उणीव नव्हती, तरी महाराज तिथे रमले नाहीत. शेगावचे हरी पाटील न्यायला आले आणि महाराज त्यांच्याबरोबर निघाले. बुवांनी एवढी कथा सांगितली, 'गण गण गणात बोते'चा गजर झाला आणि पताका हलली.

या दिंडीत एक म्हातारी होती. कळमन्याच्या धान्यबाजारात पोती चढवता-उतरवताना जे दाणे सांडतात, ते झाडून, पाखडून, विकून पोट भरणाऱ्या बाया असतात, त्यांतली ती एक. सगळे तिला कळमन्याची माय म्हणत. तिची नजर चालताना सतत जमिनीकडे. जन्मभर दाणा वेचलेली नजर, ती वर कशी राहणार? काखेत एक रिकामी चुंगडी आणि हातात शिंदीचा फडा. पंगत उठली की लोक हात धुऊन पताकेमागे लागायचे आणि ही मागे थांबायची. पत्रावळी, द्रोण, पाण्याचे पाऊच, चहाचे कप उचलायची. पत्रावळीत भात-पोळी उरली असेल तर आधी ती बोटांनी निपटून झाडाखाली नुसत्या मातीवर ठेवायची, मग पत्रावळ घडी करून चुंगडीत. चुंगडी भरली की तोंड सुतळीने बांधायची आणि पुढच्या मोठ्या गावात कचऱ्याची गाडी दिसली की त्यात रिकामी करायची.

वाटेत काही कमी पडत नव्हतं. विदर्भातली माणसं पायदळ वारकऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत, ही त्यांची फार जुनी आणि फार मोठी श्रीमंती. कोंढाळीकडे संत्र्यांच्या पाट्याच्या पाट्या समोर ठेवल्या. कुठे तर्री-पोहे, कुठे आलूबोंडे, कुठे मसालेभात आणि बुंदी. नको म्हटलं तरी पानात पडायचं. पोटापेक्षा पानात जास्त, आणि पानातून रस्त्यावर.

पानं म्हणजे कुठली? पूर्वी या मुलखात पळसाच्या पत्रावळी असत. खाऊन झालं की त्या उकिरड्यात कुजायच्या, आणि ढोरांनी चघळल्या तरी काही बिघडत नव्हतं. नंतर थर्माकोल आला. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली, तेव्हा बाजाराने चंदेरी मुलाम्याची कागदी ताटं पुढे केली. कागदाची म्हणून ती खपतात, पण वरचा चमकणारा पापुद्रा बहुधा प्लास्टिकचाच असतो. या दिंडीला एका दात्याने अशा ताटांची खोकीच्या खोकी दिली होती, मागच्या बाजूला स्वतःचं नाव आणि फोटो छापून.

मायमुळे दिंडी खोळंबायची. चोपदार चिडायचा.

"काऊन मागं राहते वो माय? शंभर खेपा सांगतलं तुले. तुह्या एकटीसाठी सगळ्यायनं उन्हात उभं राहाव काय?"

"तुमी व्हा पुढं बापू. मी येतो हळूहळू."

"ट्रकवाले काय पाहून चालवून राहिले का? काही झालं तर कोणाच्या डोक्यावर?"

यावर ती काही बोलत नसे, पण उरलेलं उचलल्याशिवाय हलतही नसे. शेवटी चोपदाराने टेम्पोवाल्याच्या पोराला तिच्यासोबत मागे राहायला सांगितलं. चोपदार वाईट माणूस नव्हता. त्याला तिची काळजी होती. तिच्या कामाची मात्र किंमत नव्हती, कारण त्याच्या वहीत ते काम कुठे लिहिलेलंच नव्हतं.

मोझरीला दिंडी संध्याकाळी पोचली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला सगळे शिस्तीत बसले. ज्यांच्या 'ग्रामगीते'ने गाव झाडण्याला पूजेची जागा दिली, त्यांच्या अंगणात दिंडीतल्या कुणाच्या हातून कागदाचा कपटाही खाली पडला नाही. अमरावतीत गाडगेबाबांच्या समाधीवर डोकी टेकली. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, वाटेतच, बाबांचा देह पडला. त्याआधी जन्मभर त्यांचा शिरस्ता एकच. गावात शिरायचं, खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात माणसांची मनं झाडायची. पंढरपुरात त्यांनी वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधली, स्वतः मात्र देवळात गेले नाहीत. हे सगळं बुवांनी समाधीजवळ थोडक्यात सांगितलं. बायांनी डोळे पुसले. बाहेर येऊन चहा झाला आणि दिंडी बडनेऱ्याच्या वाटेला लागली. मागे रस्त्याच्या कडेला कप पडलेले. ते कुणी उचलले, हे सांगायला नको.

मूर्तिजापूर मागे पडलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे एका शेतकऱ्याचं वावर रस्त्याला लागून होतं. विहीर, कडुनिंबाची गार सावली, कोठा, कोठ्यासमोर मोकळं अंगण. दरवर्षी दिंडीचा एक मुक्काम आणि एक पंगत तिथे ठरलेली. हा माणूस आपल्या घरचं पिठलं, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि मुळ्याच्या शेंगा वाढायचा. महाराजांना आवडायचं तेच जेवण. दिंडीतल्या लोकांना अख्ख्या वाटेवरच्या मिठाईपेक्षा ही पंगत प्यारी.

यंदा फाटकाला साखळी होती.

शेतकरी आत उभा होता. त्याने वीणेला हात जोडले, बुवांच्या पाया पडला. मग म्हणाला, "पाणी पाह्यजे तेवढं घ्या जी. पंगत अन् मुक्काम यंदा नाही होत."

लोकांना वाटलं घरात काही दुखलं-खुपलं असेल. तसं काही नव्हतं. पीकही बरं होतं. मग कारण काय? तो सांगेना. तेव्हा कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणालं, पैसा आला की माणूस बदलते. कुणी म्हणालं, महाराजांच्या वारीला नाही म्हणणारा पहिला माणूस पाहिला. एका बाईने तर साखळीकडे पाहून कडाकडा बोटं मोडली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विहिरीवरचा पंप सुरू करून दिला.

दिंडीने पुढच्या गावात मारुतीच्या देवळाचा आसरा घेतला. टेम्पोतल्या शिध्यावर खिचडी झाली, चंदेरी ताटांत वाढली गेली. हरिपाठ झाला आणि बुवांनी पोथीतली कथा सांगायला घेतली. पुढे बाळापूरचा फाटा लागणार होता, म्हणून कथा बाळापूरचीच निवडली. तिथल्या सुखलालची गाय फार द्वाड. कुणाला शिंगावर घेई, दुकानात शिरून धान्य उधळी, कशालाच दाद देईना. कंटाळून तिला मोठ्या खटपटीने बांधून शेगावला आणलं. महाराजांनी जवळ जाऊन स्वतःच्या हाताने तिचे बंध सोडले आणि ती गाय शांत उभी राहिली. पुढे ती तिथेच राहिली, कधी कुणाला मारलं नाही की दावं लागलं नाही. लोक तल्लीन झाले होते. एवढी माया महाराजांची मुक्या जनावरावर, असं म्हणून बुवांनी हात जोडले आणि गजर झाला.

गजर थांबला तेव्हा देवळाच्या पायरीशी तो शेतकरी उभा दिसला. तोही भक्तच. पोथी ऐकायला अंधारातून चालत आला होता.

"बुवा, एक विचारू का जी? सुखलालची गाय वाचली. माही काऊन नाही वाचली?"

मग त्याने सांगितलं. मागच्या वर्षी दिंडी गेली आणि सकाळी त्याच्या पोराने ढोरं सोडली. दुसऱ्या वेताची गाय होती, गुणी, दुधाला चांगली. अंगणाच्या कडेला पत्रावळींचा ढीग आणि त्याला पिठल्याचा वास. गाय काही निवडून खात नाही. जिभेने गोळा करते आणि गिळते, चावायचं काम मागाहून रवंथाच्या वेळी. भाकरीच्या तुकड्याबरोबर तो चंदेरी कागदही पोटात जातो. आत तो कुजत नाही आणि पुढेही सरकत नाही. त्यात दुसरा कागद अडकतो, पिशवी अडकते, सुतळी अडकते. कित्येक महिने जनावर वरून ठीक दिसतं. या गायीचं आधी दूध आटलं. मग रवंथ थांबला. डावी कूस फुगली. पोळ्याच्या सुमाराला ती बसली ती उठलीच नाही. गुरांच्या डॉक्टरांनी मेल्यावर पोट उघडून दाखवलं. आत शेंदरी भोपळ्याएवढा गोळा होता, काळपट, घट्ट, दोरखंडासारखा पीळ पडलेला. त्यातला एक पापुद्रा धुतला तर त्यावर अर्धा फोटो दिसत होता.

देवळात कुणी हललं नाही.

"कोण्या दिंडीची पत्रावळ होती, थे मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "रस्त्यानं लय दिंड्या जातात. गाय बी चार जागी चरते. पण माह्या अंगणात तं तुमचीच पंगत बसली होती. अन् मी वाढली होती. म्हणून म्या ठरवलं, आपण वाढाचंच नाही. तुमाले शिव्या देऊन काय फायदा?"

चोपदार उठला. त्याला बसून राहवेना. त्याने डोक्यावरची टोपी काढली, स्वतःच्या खिशातल्या नोटा त्यात टाकल्या आणि टोपी लोकांत फिरवली. बघता बघता ती भरली. ज्या बाईने बोटं मोडली होती, तिने कनवटीची सगळी चिल्लर ओतली. चोपदाराने टोपी शेतकऱ्यापुढे धरली.

"भाऊ, गाय तं परत नाही आणू शकत. पण एवढं ठेवा."

"गायीचा हिशोब झाला बापू. थे गेली. मले उद्याचं सांगा."

चोपदाराजवळ उत्तर नव्हतं. त्याच वेळी देवळामागून झाडण्याचा आवाज येत होता. शेतकरी तिकडे गेला, मागोमाग बाकीचे. टेम्पोवाल्याचं पोरगं मोबाईलची बत्ती धरून उभं होतं आणि कळमन्याची माय खिचडीची ताटं गोळा करत होती. एकेक ताट उचलायची, बोटाने निपटायची, उजेडात धरून पाहायची. चुंगडीजवळ आणखी दोन भरलेल्या चुंगड्या.

"किती वर्सांची येऊन राहिली माय या दिंडीत?"

"औंदा पह्यलीच खेप आहे बाप्पा."

"कोणी सांगतलं हे तुले?"

"कोण सांगन? महाराज कुठी दिसले पह्यल्यांदा? देविदास पातुरकराच्या घरची पंगत उठली होती, बाहेर पत्रावळी फेकल्या होत्या, त्याच्यातले शितं येचून खाताना दिसले. अन् पाणी प्याले थे ढोरायच्या पाण्याच्या जागी. मी तं पोथी वाचत नाही, आयकली हाये. आता ज्या जागी देव सापडला, त्या जागेकडं पाठ फिरवून शेगावले जाऊ कशी?"

पोथीतला हा पहिलाच प्रसंग, २३ फेब्रुवारी १८७८ चा. प्रकटदिन साजरा होतो तो याच घटनेचा, आणि ही सगळी माणसं तीनशे किलोमीटर चालत निघाली होती तीही त्यासाठीच. दिंडीतल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ होता.

शेतकरी म्हणाला, "पण तू एकटी किती येचशील?"

माय थांबली. कंबर सरळ केली. "येचणं माह्या वाट्याचं आहे, थे मी करतो. टाकणं कोणाच्या वाट्याचं आहे, थे त्यायले विचार."

त्या रात्री चोपदाराला झोप लागली नसावी, कारण काकड्याच्या आधीच त्याने टेम्पोतली ताटांची खोकी खाली उतरवून ठेवली होती. सकाळी दिंडी निघायची वेळ झाली. पताका उभी राहिली, टाळ वाजले, पण वीणा हलेना. बुवा देवळाच्या पारावर वीणा गळ्यात घेऊन उभे. वीणा खाली ठेवायची नाही आणि वीणेला मागे सोडून दिंडीने जायचं नाही, हा वारीचा नियम सगळ्यांना ठाऊक. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चोपदाराने विचारलं, "बुवा, निघायचं ना?" बुवांनी मान फिरवून देवळासमोरच्या मैदानाकडे पाहिलं. रात्री वाऱ्याने उडालेले कप आणि पाऊच कुंपणाच्या काट्यांत अडकले होते. बुवा काही बोलले नाहीत. एवढ्या म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात ते ओझं, आणि ऊन तर वर चढत होतं. आधी एक पोरगा वाकला. मग रेल्वेवाले काका वाकले. मग सगळेच. काट्यांतला शेवटचा पाऊच निघाला तेव्हा बुवांनी तार छेडली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. ताटं देणाऱ्या दात्याला फोन गेला तेव्हा तो रागावला. 'माझं दान नाकारता का,' असं म्हणाला, आणि त्याचं नाव दिंडीच्या फलकावरून काढायची वेळ आली. अकोल्याच्या बाजारात माणशी एक स्टीलची थाळी आणि पेला घेतला, त्याचे पैसे त्या टोपीतूनच गेले. मग थाळ्या धुवायला पाणी लागू लागलं. टँकर दुपारीच रिकामा होऊ लागला. पायाला फोड आलेल्या बायांना ओट्याशी ओणवं बसून थाळी घासणं जड जाई. पोरं कुरकुरत होती की आम्ही वारीला आलो का भांडी घासायला. कुणी थाळी विसरायचं, कुणाची अदलाबदल व्हायची, त्यावरून भांडणं व्हायची. गायगावच्या पुढे चहा पाजणाऱ्या एका मंडळाने, आम्ही धुतो थाळ्या, तुम्ही बसा, असं म्हणून हात धरले तेव्हा बायांना रडूच आलं. पण एक बदल फार लवकर झाला. स्वतःच्या थाळीत माणूस लागेल तेवढंच घेऊ लागला, कारण उरलेलं खरडून टाकायचं तर ते आपल्याच हाताने, सगळ्यांच्या देखत.

दिंडी ठरल्यापेक्षा अर्धा दिवस उशिरा शेगावात शिरली. चोपदाराने वही उघडली नाही. दर्शनाच्या बारीत माय त्याच्या पुढे उभी होती आणि तिच्या पायाच्या भेगांतून रक्त आलेलं त्याला पहिल्यांदा दिसलं. मंदिराच्या आवारात पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी काम करत होते. गावोगावचे लोक आळीपाळीने सेवेला येतात आणि एवढ्या गर्दीत ते आवार लखलखीत ठेवतात, हे शेगावला गेलेला प्रत्येक माणूस जाणतो. माय त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. "हे पाह्य, एवढे जण मिळून करतात," ती चोपदाराला म्हणाली, "म्हणून कोणाची कंबर मोडत नाही."

परतताना बाकीचे रेल्वेने गेले. चोपदार मात्र एकटा बसने मूर्तिजापूरकडे निघाला आणि त्या वावराशी उतरला. शेतकरी हरभऱ्याच्या ढिगाशी होता. चोपदाराने पिशवीतून स्टीलची थाळी काढून त्याच्यासमोर धरली आणि पुढल्या वर्षीच्या मुक्कामाचं विचारलं.

शेतकऱ्याने थाळी हातात घेतली, उलटी करून पाहिली. मागे कुणाचं नाव नव्हतं.

"पंगत देतो," तो म्हणाला. "पण माही एक अट आहे. तुमची पंगत उठली की त्याच जागी मी ढोरं सोडीन. आहे कबूल?"

चोपदाराने अंगणाकडे पाहिलं. कोठ्यात एक नवी कालवड बांधली होती.

"आम्ही गेल्यावर कायले सोडता?" तो म्हणाला. "आम्ही उभे असतानाच सोडा."